आभासी सहल काढायची, पण कुठली आणि कधी?

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न आधी थोडक्यात मांडते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा. सरांकडे तिसरी आणि चौथीचा एकत्र वर्ग. लोकवर्गणीतून ४३ इंची स्मार्ट टीव्ही मिळाला आहे. यंदा बसच्या भाड्याचे पैसे जमले नाहीत म्हणून सहल रद्द झाली. मग सरांनी एका दुपारी मुलांना ताजमहाल, पिरॅमिड, आयफेल टॉवर आणि अंटार्क्टिका पडद्यावर फिरवून आणलं. मुलं खूश झाली, पण दुसऱ्या दिवशी काय पाहिलं असं विचारलं तर "लई भारी होतं" यापलीकडे काही निघेना. सरांचे प्रश्न तीन आहेत. आभासी सहलीने खऱ्या सहलीचं काम होतं का? ग्रामपंचायत व्हीआर चष्मे (डोळ्यांवर लावले की चहूबाजूंनी आभासी देखावा दिसतो ते) द्यायला तयार आहे, ते घ्यावेत का? आणि चांगलं ॲप कोणतं?

सर, ॲपचं शेवटी सांगते, कारण अडचण ॲपची नाही. मुलांना काही आठवलं नाही ते त्यांचं लक्ष नव्हतं म्हणून नव्हे. त्यांना तिथे काही शोधायचंच नव्हतं. जत्रेतल्या पाळण्यातून सगळं गाव दिसतं आणि खाली उतरल्यावर कुणाचं घर कुठे होतं ते सांगता येत नाही, तसं झालं. फिरवलं तुम्ही, थांबवलं तुम्ही, माहिती सांगितली तुम्ही. मुलांच्या वाट्याला फक्त "बापरे" म्हणणं आलं, आणि ते त्यांनी मनापासून केलं.

तुमच्या प्रश्नात जाता जाता एक वाक्य आलं आहे: "तिसरीला टीव्ही लावून दिला की चौथीचा भागाकार घेता येतो." मला वाटतं, खरी गाठ इथे आहे. दोन वर्ग एका माणसाने सांभाळायचे तर एका वर्गाला कशात तरी गुंतवावं लागतं, आणि टीव्ही ते काम बिनबोभाट करतो. यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त त्या वेळेला सहल म्हणू नका आणि त्यातून फार काही उगवेल अशी अपेक्षाही धरू नका. गुंतवण्यासाठी लावलेला व्हिडिओ वेगळा आणि शिकवण्यासाठी उघडलेलं चित्र वेगळं. दुसऱ्या प्रकाराला तुम्ही स्वतः पडद्याशेजारी उभे असायला हवेत, आणि त्याला दोन्ही वर्ग एकत्र बसलेले चालतात. किंबहुना बरंच असतं, कारण चौथीची मुलं बोलायला लागली की तिसरीच्या मुलांना शब्द मिळतात.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगून टाकते. माझा अनुभव निफाडकडच्या गावांमधला आणि नंतर नाशिक शहरातल्या शाळांमधला. तिथे नेट बरं होतं आणि वर्ग एकेकच इयत्तेचे होते. तुमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळ टिकते, रेंज कुठल्या खिडकीत येते, पट किती आहे, यावर निम्म्या गोष्टी बदलतील. वयानेही फरक पडतो. सातवी-आठवीची मुलं नकाशावरून स्वतः फिरू शकतात. तिसरीच्या मुलाला वरून दिसणारं चित्र म्हणजे आपणच वरून बघतोय, हे कळायलाच वेळ लागतो.

माझी सुरुवात नेहमी एका स्थिर चित्रापासून असते. व्हिडिओ नाही, सहल नाही. एक फोटो, पूर्ण पडदाभर, दहा मिनिटं. पहिलं मिनिट कुणी बोलायचं नाही, मीही नाही. मग तीनच प्रश्न: काय दिसतंय? त्यावरून काय वाटतंय? काय विचारावंसं वाटतंय? ही पद्धत माझी नाही, हार्वर्ड विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट झीरो' या संशोधन गटातून आलेली आहे आणि जगभर शिक्षक ती वापरतात. तिची सगळी ताकद क्रमात आहे. "काय वाटतंय" आधी विचारलं की हुशार मुलं निष्कर्ष सांगून मोकळी होतात आणि बाकीचे गप्प बसतात. "काय दिसतंय" याला मात्र शेवटच्या बाकावरच्या मुलाकडेही उत्तर असतं.

लासलगावच्या बाजार समितीतला कांद्याच्या लिलावाचा एक साधा फोटो मी अनेक वर्गांत वापरला. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा, मध्ये माणसांचा घोळका. मुलांनी आधी ट्रॉल्या मोजल्या. मग एक जण म्हणाला, लिलाव चाललाय म्हणजे सकाळ असणार. दुसरीने लगेच अडवलं, "सकाळ नाही, सावली बघ ना, पायातच आहे." तिथून सावलीवर गाडी गेली, मग कांदा उन्हाळ की लाल यावर, मग फोटोत बायका का दिसत नाहीत यावर. मी त्यात घातलं ते इतकंच: "कशावरून?" एवढा एकच शब्द शिक्षकाने धरून ठेवला तरी चित्राचा पुरावा होतो.

तुमच्याकडे यासाठी अजून चांगली सोय आहे. तुमच्या वर्गातली काही मुलं आई-वडिलांबरोबर दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जाऊन आलेली असतील. द्राक्षबागेचा एक स्पष्ट फोटो लावा आणि त्या मुलांना पुढे बोलवा. थिनिंग म्हणजे काय, घड औषधात का बुडवतात, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेल कसा दिसतो, हे ती सांगतील. वर्षातले काही आठवडे गैरहजर म्हणून हजेरीपटावर लाल शाईत दिसणारं मूल त्या दिवशी वर्गातलं जाणकार ठरतं. हा फायदा कुठल्याही परदेशी आभासी सहलीत नाही.

माझा आवडता चौथा प्रश्न: फोटो काढणारा कुठे उभा आहे? तो प्रत्येक चित्राला चालतो. चंद्राच्या क्षितिजावर अर्धी पृथ्वी उगवलेली दिसते तो प्रसिद्ध फोटो घ्या. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून विल्यम अँडर्स यांनी तो काढला. मुलं हमखास म्हणतात, चंद्रावर उभा राहून काढला. अपोलो ८ चंद्रावर उतरलंच नव्हतं, ते चंद्राभोवती फिरत होतं. तेवढ्यावरून कक्षा म्हणजे काय हे सांगता येतं, आणि ते मुलांनी स्वतः अडखळून विचारलेलं असतं.

आता सहलीकडे येते. पडद्यावरची सहल कुठली काढावी याची माझी कसोटी सोपी आहे. जे पायी जाऊन दिसतं ते पडद्यावर दाखवायचं नाही. जे पायी जाऊनही दिसत नाही ते दाखवायचं. फार मोठं, फार लहान, फार दूरचं, फार सावकाश घडणारं किंवा होऊन गेलेलं. या कसोटीवर ताजमहाल बसतो, पण तिसरीच्या मुलाला तो का बघायचा याचं कारण आपल्याकडे नसतं. नदी मात्र पूर्ण बसते. नदी कितीही चाललं तरी एका नजरेत मावत नाही.

म्हणून तुमच्या शाळेसाठी मी नदीची सहल काढेन, आणि तुम्ही पेठला आहात म्हणून ती नाशिकच्या शाळांपेक्षा जास्त रंगेल. ती जरा तपशिलात लिहिते.

सुरुवात कागदावर. प्रत्येकाला एक कोरा कागद. मध्ये शाळा काढा. शाळेच्या पत्र्यावर पडलेलं पावसाचं पाणी कुठे जातं, ते जिथपर्यंत माहीत आहे तिथपर्यंत रेघेने दाखवा, आणि पुढे काय होत असेल ते तुटक रेघेने. कुणी ओढ्यापर्यंत नेईल, कुणी नदीपर्यंत, एखादा थेट समुद्र काढेल. कागद गोळा करू नका, मुलांच्या हातातच असू द्या. इथे पडदा अजून बंद आहे.

मग गूगल अर्थवर, म्हणजे गूगलच्या उपग्रहचित्रांच्या नकाशावर, शाळा उघडा. आता पंधरा-वीस मिनिटं पाण्यासारखी जातील, कारण प्रत्येकाला आपलं घर शोधायचं असतं. जाऊ द्या. पत्र्याचं छप्पर कुठलं, कौलारू कुठलं, शेत नागलीचं की भाताचं, चित्र कुठल्या महिन्यातलं असावं, यावर भांडण होईल आणि त्या भांडणातच मुलांना वरून बघण्याची सवय लागेल. चित्राची तारीख गूगल अर्थच्या खालच्या पट्टीत लिहिलेली असते. ती आधी झाकून ठेवा, अंदाज झाल्यावर दाखवा. कधीकधी शेजारची दोन चित्रं वेगवेगळ्या तारखांची असतात आणि डोंगराचा अर्धा भाग हिरवा, अर्धा तपकिरी दिसतो, मध्ये सरळ रेघ. मुलं ही रेघ आपल्याआधी पकडतात. हे उपग्रहचित्र म्हणजे आत्ताचा देखावा नव्हे, निरनिराळ्या दिवशी घेतलेले तुकडे जोडलेले आहेत, हे त्या रेघेवरून एका मिनिटात समजतं.

त्यानंतर ओढा धरून निघायचं, मुलांच्या सांगण्यावरून. तुम्ही फक्त माउस धरायचा. डावीकडे की उजवीकडे हे मुलं सांगतील, आणि चुकीच्या दिशेला नेलं तर तसंच जाऊ द्या. डोंगर आडवा आला की परत येतील. पेठ तालुक्याचं बहुतेक पाणी पश्चिमेला उतरतं. दमणगंगेच्या खोऱ्यातला ओढा असेल तर दमणपाशी अरबी समुद्रात पोचाल. कागदावरच्या तुटक रेघा आता तपासायच्या, आणि खोडून न टाकता दुसऱ्या रंगाने दुरुस्त करायच्या.

दुसऱ्या दिवशी पेठ-नाशिक रस्त्यावरचा सावळ घाट चढून अलीकडे, नाशिकच्या बाजूला या. ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटरवर. वर्गाला विचारा, ही नदी कुठल्या समुद्राला जाईल? जवळजवळ सगळे अरबी समुद्र म्हणतील, कारण काल आपल्या ओढ्याने तेच केलं. मग नदी धरून निघा. गंगापूर धरण, नाशिकचं रामकुंड, नांदूरमधमेश्वर, पैठणचा नाथसागर, नांदेड, मग तेलंगण, आंध्रातलं राजमहेंद्री, आणि शेवटी बंगालच्या उपसागरावर पसरलेला त्रिभुज प्रदेश. एकूण १,४६५ किलोमीटर. एका घाटाच्या दोन बाजूंना पडलेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांच्या समुद्रांत जातात, ही गोष्ट मुलं घरी जाऊन सांगतात. मी शहरातल्या मुलांना हे शिकवायचे तेव्हा त्यांना घाटापलीकडचा ओढा पडद्यावरच बघावा लागायचा. तुमच्या मुलांच्या तो पायाखाली आहे.

थांबे मात्र चारच ठेवा. वरच्या सगळ्या ठिकाणी थांबलात की पुन्हा पाळणाच झाला. आणि नाशिकमध्ये थांबाल तर वरून खाली उतरा. भारतात गूगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावर उभं राहून दिसावं तसं चित्र, २०२२ मध्ये दहा शहरांत सुरू झालं, त्यांत नाशिक होतं. वरून पट्टीसारखा दिसणारा रस्ता आणि रस्त्यावर उभं राहिल्यावर दिसणारी गर्दी यांची सांगड लहान मुलांना आपोआप लागत नाही. दोन-तीनदा वर-खाली केलं की लागते.

नदी पूर्वेला का गेली, हे फक्त वरून बघून कळत नाही, कारण वरून उतार दिसत नाही. यासाठी गूगल अर्थ प्रोमध्ये एक फार उपयोगी सोय आहे. दमणच्या किनाऱ्यापासून पेठ, त्र्यंबक, नाशिक करत पैठणपर्यंत एक रेघ ओढायची आणि तिचा उंचीचा आलेख मागायचा, ज्याला तिथे एलिव्हेशन प्रोफाइल म्हणतात. किनाऱ्याकडून जमीन चढत येते, घाटाशी एकदम उभी होते आणि त्यानंतर पूर्वेकडे हलके हलके उतरत जाते. "पाणी डोंगर कसा चढेल?" हे वाक्य मी सांगण्याआधी कुणी ना कुणी म्हणतंच. एक खबरदारी घ्या. या प्रोग्रामात डोंगर प्रत्यक्षापेक्षा उंच दाखवण्याची सोय असते. ती तिप्पट करून ठेवलेली असेल तर ब्रह्मगिरी हिमालयासारखा दिसेल. आधी तपासा, किंवा मुद्दाम दोन्ही दाखवा आणि खरा कुठला ते विचारा.

खऱ्या सहलीचं काम होतं का, याचं उत्तर आता देता येईल. नाही होत, आणि त्याचं कारण फक्त वास, थकवा, डबे आणि बसमधली गाणी एवढंच नाही. खऱ्या जागी मूल काय बघायचं ते स्वतः निवडतं. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांवर नेलेला वर्ग लेण्यांइतकाच माकडांकडे बघतो, पायऱ्या मोजतो, थंड दगडाला गाल लावतो. पडद्यावर कुणीतरी आधीच निवडून ठेवलेलं असतं. शिवाय आकार कळत नाही. नांदूरमधमेश्वरला जाण्याआधी मी पक्ष्यांचे मोठे, देखणे फोटो दाखवायचे. तिथे पोचल्यावर दुर्बिणीतून तोच पक्षी बघून मुलं म्हणायची, "एवढाच?" पडदाभर फोटोमुळे त्यांनी तो गाईएवढा धरलेला असायचा. मग फोटोबरोबर पक्ष्याच्या उंचीएवढी पुठ्ठ्याची पट्टी भिंतीला लावायला लागले. फोटो तसाच राहिला, प्रश्न सुटला.

तरीही फोटो आणि खरी भेट यांची जोडी लागते, फक्त कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे जागेप्रमाणे बदलतं. नांदूरमधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालेलं. तिथे पक्षी लांब पाण्यात असतात आणि थव्यात काय शोधायचं ते माहीत नसेल तर सगळंच पांढरं-काळं दिसतं. तिथे फोटो आधी, तेही चारच: चित्रबलाक, चमच्या, जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक. चारांत ओळखीची खूण पटते, दहांत कुठलीच नाही.

लेण्यांचं उलटं आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, ज्यात तिने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन केलं आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या काळातले लेख. प्रत्यक्षात अक्षरं उंचावर, उजेड तिरपा, मागचा वर्ग घाई करतोय. तिथे वाचायला लावणं म्हणजे सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आणणं. तिथे फक्त हिंडू द्यावं. नंतर वर्गात लेखाचा स्वच्छ फोटो पडदाभर लावायचा आणि ब्राह्मी अक्षरांचा तक्ता हातात द्यायचा. 'क' ब्राह्मीत अधिकच्या चिन्हासारखा असतो. तो सापडला की मुलं बाकीची अक्षरं शोधायला स्वतःहून उठतात. जी जागा पायांनी बघून झाली आहे तिचा फोटो मुलं वेगळ्या नजरेने बघतात, "मी इथे उभा होतो" असं बोट ठेवून.

सावकाश घडणाऱ्या गोष्टींसाठी कॅमेऱ्यासारखं साधन नाही, आणि याची परंपरा आपल्याच जिल्ह्याची आहे म्हणा ना. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढण्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून कॅमेऱ्यात टिपली होती. ती पाहून त्यांना भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली. तुमच्याकडे एक मोबाइल असेल तर एवढं सहज होतं. उन्हाळ्यात राब भाजल्यापासून रोपं, आवणी आणि नागलीची कापणी होईपर्यंत शेताचा फोटो दर आठवड्याला त्याच जागेवरून काढायचा. जागा चुकू नये म्हणून बांधावर एक खुंटी ठोकायची. दिवाळीनंतर सगळे फोटो ओळीने दाखवा. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रं अशीच ओळीने बघता येतात. त्यात नाशिक शहर कसं पसरलं ते दिसतं, पण ते आधी दाखवू नका. स्वतःच्या शेताचे फोटो बघितलेल्या मुलांनाच त्यातली गंमत कळते.

मुलांना फोटो काढायला देताना संख्या बांधून द्या. गटाला पाच फोटो, जास्त नाही, आणि विषय प्रश्नाच्या रूपात: "गावात पाणी कुठे कुठे अडतं?" बंधन नसलं तर एकमेकांच्या तोंडाचे शंभर फोटो येतात. हे फोटो निफाडकडच्या एखाद्या शाळेला पाठवा आणि त्यांचे मागवा. पेठच्या मुलांना कालवा बघायला मिळेल, निफाडच्या मुलांना भाताची खाचरं. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो मात्र शाळेबाहेर जाऊ देऊ नका, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरसुद्धा विचारल्याशिवाय नको, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद करून ठेवा.

चित्रं मिळवायची कुठून? विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली कुणी, कधी, कुठे काढलं आणि वापराची अट काय ते लिहिलेलं असतं. नासाची बहुतेक चित्रं शिकवण्यासाठी मोकळी असतात. पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे दीक्षा या सरकारी ॲपवरचं साहित्य असतं. ते कमीजास्त दर्जाचं आहे, स्वतः आधी बघा. नुसता शोध टाकून समोर येईल ते पहिलं चित्र घेण्याची सवय आता धोक्याची झाली आहे, कारण त्यात संगणकाने बनवलेली चित्रंही असतात. किल्ले, डायनासोर, जुने राजे यांत तर फारच. माझा नियम असा: कुणी आणि कुठे काढलं ते सांगता येत नसेल तर ते चित्र वर्गात पुरावा म्हणून चालत नाही. गोष्टीला शोभा म्हणून चालेल, पण तसं मुलांना सांगून.

तांत्रिक बाबी भराभर सांगते. नेटवर भरवसा नको. आदल्या रात्री रेंज असेल तिथे बसून प्रत्येक थांब्याचा स्क्रीनशॉट काढा, त्यांना क्रमांक द्या आणि पेनड्राइव्हवर घ्या. नदीची पूर्ण सहल स्क्रीनशॉटवर होते, फक्त वाट मुलांनी निवडण्याची मजा थोडी कमी होते. यूट्यूब वर्गात थेट लावू नका, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि जाहिराती कुठल्या येतील ते आपल्या हातात नसतं. टीव्ही बहुतेक शाळांत मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला टांगलेला असतो. मुलं जमिनीवर बसतात. एकदा तुम्ही शेवटच्या रांगेत जमिनीवर बसून बघा, खिडकीचा उजेड पडद्यावर कुठे चमकतो ते लगेच कळेल. आणि कमी दिसणारं मूल वर्गात असेल तर "काय दिसतंय" याची उत्तरं पूर्ण वाक्यांत सांगायला लावा. त्याला चित्र मिळतं, बाकीच्यांची भाषा सुधारते.

व्हीआर चष्मे घेऊ नका. एका चष्म्यात एकच मूल बघतं आणि बाकीचे पाळी कधी येईल ते बघतात. बघणाऱ्याला काय दिसतंय ते तुम्हाला दिसत नाही, त्यामुळे प्रश्नही विचारता येत नाही. शिवाय वयाचा मुद्दा आहे: फेसबुकवाल्या मेटा कंपनीने आपल्या व्हीआर हेडसेटची किमान वयाची अट २०२३ मध्ये १३ वरून १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीतल्या खात्यासाठी. तुमची मुलं आठ-नऊ वर्षांची. या वस्तू टिकतीलच असंही नाही. शाळांसाठी खास बनवलेलं गूगलचं एक्सपिडिशन्स ॲप २०२१ मध्ये बंद झालं, आणि त्याच वर्षी त्यांनी पुठ्ठ्याचे कार्डबोर्ड चष्मे विकणंही थांबवलं. ग्रामपंचायतीला नाही म्हणायचं नसेल तर त्याच पैशात जाड पडदे, एक चांगला स्पीकर आणि टीव्ही दोन तास चालवेल एवढा इन्व्हर्टर मागा. त्यातून पैसे उरले तर दोन जीप सांगून मुलांना घाटाच्या माथ्यापर्यंत न्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मुक्काम नाही, आणि तालुक्याबाहेरच्या सहलीपेक्षा खर्चही बराच कमी.

राहिलं ॲप. वेगळं काही शोधू नका. गूगल अर्थ आणि इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ, एवढ्यात प्राथमिकचं काम भागतं. भुवन २००९ पासून आहे आणि भारतातल्या जमिनीच्या वापराचे, धरणांचे नकाशे बघायला चांगलं आहे, पण ते जरा हळू उघडतं. वर्गासमोर नको, तयारीला वापरा. उंचीचा आलेख हवा असेल तर गूगल अर्थ प्रो सोयीचं. ते २०१५ पासून फुकट आहे, मात्र मोबाइलवर किंवा टीव्हीवर चालत नाही, लॅपटॉपच हवा. शाळेत नसेल तर केंद्रातल्या कुणाकडून एका संध्याकाळपुरता मागून घ्या, आलेखाची चित्रं काढून ठेवा आणि जून उजाडण्याआधी पेनड्राइव्ह तयार करा. ओढा वाहता असताना हा पाठ घेता आला तर उत्तम.